टेबल टॉपिक्स मास्टरचा रोल मिळालाय? नेहमी विचारले जाणारे सगळे प्रश्न

टोस्टमास्टर्स, म्हणजे चारचौघांत बोलायचा सराव करायच्या क्लबात, टेबल टॉपिक्सचं सेशन पहिल्यांदा घ्यायचं असलं की मेसेज येतात, बहुतेक मीटिंगच्या आदल्या रात्री, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतोय. मुंबईतल्या क्लबांमध्ये जे बघितलंय त्यावरून लिहितोय. तुमच्या क्लबाची पद्धत थोडी वेगळी असू शकते, तेव्हा आपल्या व्हीपीईला (व्हाइस प्रेसिडेंट एज्युकेशन, क्लबातले रोल आणि मीटिंगा बघणारा पदाधिकारी) एकदा विचारून घ्या.

टेबल टॉपिक्स म्हणजे नेमकं काय?

आयत्या वेळी मिळालेल्या प्रश्नावर पुढे येऊन एक ते दोन मिनिटं बोलायचं. प्रश्न आधी माहीत नसतो, हातात कागद नसतो. राल्फ स्मेडली यांनी २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना शहरात, वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब सुरू केला, आणि आज जगात कुठल्याही क्लबात गेलात तरी मीटिंगचे तीन भाग दिसतात: तयारीची भाषणं, टेबल टॉपिक्स आणि मूल्यमापन.

आपल्याकडे शाळेत वक्तृत्व म्हणजे पाठांतर. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपासून शेवटच्या 'जय हिंद, जय महाराष्ट्र' पर्यंत सगळं घोकलेलं, मधेच एक ओळ विसरली की खेळ खलास. पण मोठं झाल्यावर बोलायची वेळ येते ती कधीच सांगून येत नाही. इंटरव्ह्यूत, ऑफिसच्या रिव्ह्यूत, सोसायटीच्या एजीएममध्ये रीडेव्हलपमेंटवरून वाद पेटलेला असताना, मित्राच्या लग्नात कोणीतरी अचानक हातात माइक देतं तेव्हा. या सगळ्याची प्रॅक्टिस करायला मुंबईत हक्काची जागा कुठली असेल तर ती हे वीस मिनिटांचं सेशन, असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि म्हणूनच ते घेणाऱ्यावर जबाबदारी मोठी असते.

मग मास्टरने करायचं काय?

प्रश्न तयार करायचे, कोणाला बोलवायचं ते ठरवायचं, सुरुवातीला सेशनचे नियम अर्ध्या मिनिटात सांगायचे, एकेकाला बोलवायचं, वेळेत संपवायचं आणि मीटिंग परत टोस्टमास्टर ऑफ द डेच्या, म्हणजे त्या दिवशी मीटिंग चालवणाऱ्याच्या, हातात द्यायची. एवढंच. पण यातली एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: सेशन तुमचं असलं तरी बोलायचं लोकांनी आहे. तुमचा प्रश्न ऐकून लोक 'वा, काय डोकं लावलंय' म्हणाले आणि उत्तर देणारा मात्र घामाघूम झाला, तर ते सेशन फसलं. याउलट साधाच प्रश्न होता आणि गेले दोन महिने मागच्या रांगेत बसणारी मुलगी दीड मिनिट बोलून हसत खाली बसली तर त्या दिवशी तुम्ही तुमचं काम केलंत.

तयारी कधी सुरू करायची?

चार-पाच दिवस आधी सुरू केलीत तर आरामात होते. पहिलं काम म्हणजे त्या दिवशीच्या टोस्टमास्टरला फोन करून थीम काय आहे ते विचारणं. दुसरं, अजेंडा बघून कोणाकडे कुठला रोल आहे ते लिहून घेणं. तिसरं, ग्रामेरियनला (भाषेकडे लक्ष ठेवणाऱ्याला) त्या दिवशी सगळ्यांनी वापरायचा 'वर्ड ऑफ द डे' विचारणं, कारण तो शब्द तुमच्या एखाद्या प्रश्नात आला तर बोलणाऱ्यालाही वापरायला सुचतो.

किती प्रश्न लागतील त्याचा हिशोब असा. एक माणूस जास्तीत जास्त दोन-अडीच मिनिटं बोलतो, वर प्रश्न वाचणं, त्याचं पुढे येणं, टाळ्या, हस्तांदोलन, म्हणजे माणशी तीन मिनिटं धरा. वीस मिनिटांचं सेशन असेल तर सहा जण होतात. प्रश्न मात्र आठ-नऊ ठेवा, कारण एखादा प्रश्न त्या दिवशी समोरच्याला बघून नकोसा वाटतो, किंवा तयारीच्या भाषणात कोणीतरी नेमका तोच विषय बोलून गेलेला असतो.

चांगला प्रश्न कसा ओळखायचा?

यावर मी तासभर बोलू शकतो, कारण सगळं यावरच अवलंबून आहे.

पहिली कसोटी, प्रश्न एका दमात वाचून होतो का आणि एकदाच ऐकून कळतो का. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात तंत्रज्ञानाच्या वाढत्या प्रभावामुळे मानवी नातेसंबंधांवर होणाऱ्या परिणामांबाबत आपले मत काय' हा निबंधाचा विषय झाला, ऐकणाऱ्याच्या शेवटपर्यंत काहीच लक्षात राहत नाही. तेच 'तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज कोण टाकतं आणि का?' असं विचारा. विषय तोच आहे, पण आता समोरच्याला लगेच एक मामा किंवा आत्या दिसायला लागते आणि तो बोलायला लागतो.

दुसरी कसोटी, उत्तर द्यायला माहिती लागते का. लागत असेल तर प्रश्न बदला. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आता हे ज्याला माहीत नाही त्याला 'मुंबईच्या रेल्वेच्या इतिहासाबद्दल बोला' म्हटलंत तर तो उभ्या उभ्या नापास झाला. पण 'तुम्ही त्या पहिल्या गाडीत बसला असतात तर घरी येऊन आईला काय सांगितलं असतं?' याला कोणालाही उत्तर देता येतं, माहिती तुम्हीच प्रश्नातून देऊन टाकली ना.

तिसरी, 'हो' किंवा 'नाही' मध्ये संपणारा नको. चौथी, एकात तीन प्रश्न नकोत. आणि पाचवी कसोटी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो: प्रश्न लिहून झाला की क्लबातल्या सगळ्यात बुजऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यासमोर आणा आणि तो पहिलं वाक्य काय बोलेल याचा विचार करा. तुम्हालाच त्याचं पहिलं वाक्य सुचत नसेल तर प्रश्न सोपा करा. गल्ली क्रिकेटमध्ये नवीन पोराला आपण पहिला बॉल अंडरआर्म टाकतो, तो काही त्याचा अपमान नसतो, त्याला खेळात घेणं असतं.

मुंबईवरचे प्रश्न चालतात का? नमुने द्या ना.

चालतात काय, पळतात. रोज जे अंगावरून जातं त्यावर बोलायला माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत. काही प्रश्न देतो, तुमच्या पद्धतीने बदलून वापरा.

लोकलमध्ये रोज दिसणारा पण कधी न बोललेला एखादा माणूस आठवा, त्याच्याशी उद्या बोलायचं ठरवलं तर सुरुवात कशी कराल?

बेस्टची जुनी लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची गेली, तुम्हाला मुंबईतली गेलेली एकच गोष्ट परत आणता आली तर कुठली आणाल?

गावचे आजोबा पहिल्यांदा मुंबईला आलेत आणि तुमच्याकडे फक्त एक संध्याकाळ आहे, कुठे न्याल?

तुमच्या स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला एक दिवसासाठी मुंबईचा महापौर केला तर तो सगळ्यात आधी काय बदलेल?

जून महिन्यातला पहिला पाऊस पडला की तुमच्या घरात सगळ्यात आधी काय होतं?

पिशवीत चुकून दुसऱ्याचा डबा आला आणि तो उघडल्यावर तुमच्यापेक्षा चांगला निघाला, काय कराल?

यातला शेवटचा एकदा एका रिटायर झालेल्या काकांना आला होता, त्यांनी गिरणीतल्या दिवसांचं, चौघांनी मिळून डबे उघडायचं असं काही सांगितलं की टायमरचं, म्हणजे वेळ मोजणाऱ्याचं, 'वेळ संपली' सांगणारं लाल कार्ड बघायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. प्रश्न साधा होता, काकांच्या आयुष्यात भरपूर साठलेलं होतं, प्रश्नाने फक्त वाट करून दिली.

कुठले विषय टाळायचे?

राजकीय पक्ष, धर्म, जात, हे तर सगळ्यांना माहीत असतं. त्यापलीकडचे टाळायला हवेत ते लक्षात येत नाहीत. 'लग्न कधी करणार', 'मुलं झाल्यावर आयुष्य कसं बदललं', 'वडिलांबरोबरची सगळ्यात सुंदर आठवण', असे प्रश्न ऐकायला गोड वाटतात, पण ज्याला ते जातात त्याच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. मुंबईत आणखी एक, घराबद्दल जपून विचारा. एकाच खोलीत समोर वन रूम किचनवाला, पीजीत राहणारी, टॉवरमध्ये राहणारा असे सगळे बसलेले असतात, आणि 'तुमच्या घराच्या बाल्कनीतून काय दिसतं' या प्रश्नात बाल्कनी आहे हे आपण गृहीत धरलेलं असतं.

२६ जुलै २००५ चा प्रश्न बरेच जण काढतात, 'त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आठवणी सगळ्यांकडे असणार असं वाटतं. पण तरुण मेंबरांपैकी कितीतरी जण तेव्हा अगदी लहान होते, काही मुंबईत नंतर आले, आणि कोणाच्या घरातलं माणूस त्या दिवशी गेलेलं असू शकतं. त्याऐवजी 'अनोळखी माणसाने तुम्हाला केलेली एक मदत सांगा' असं विचारा, ज्याला २६ जुलै सांगायचाय तो आपणहून सांगेल.

आधी प्रश्न सांगायचा की आधी नाव?

आधी प्रश्न, मग दोन-तीन सेकंद थांबायचं, मग नाव. नाव आधी घेतलंत की बाकीचे वीस जण सुटल्यासारखे खुर्चीत मागे टेकतात आणि ज्याचं नाव घेतलं त्याला छातीच्या धडधडीत प्रश्न धड ऐकूच येत नाही. प्रश्न आधी सांगितला की सगळी खोली मनातल्या मनात उत्तर शोधायला लागते, म्हणजे बोलतो एक पण प्रॅक्टिस सगळ्यांची होते. नाव घेतल्यावर तो पुढे येईपर्यंत टाळ्या, तो पोचला की हस्तांदोलन, प्रश्न एकदा परत वाचायचा आणि आपण बाजूला व्हायचं. बाजूला म्हणजे खरंच बाजूला, त्याच्या शेजारी उभं राहून मान डोलवत बसायचं नाही.

कोणाला बोलवायचं? मी हात वर करायला सांगू का?

मला विचाराल तर पहिले एक-दोन तुम्ही निवडा आणि नंतर एखादी संधी हात वर करणाऱ्याला द्या. नुसतं हात वर करायला सांगितलं की दर मीटिंगला तेच चार जण बोलतात, आणि ज्यांच्यासाठी क्लब आहे ते घरी जाताना 'पुढच्या वेळी नक्की' म्हणतात.

ज्यांच्याकडे त्या दिवशी कुठलाच रोल नाही त्यांना आधी. मग छोटे रोलवाले, म्हणजे टायमर, आ-काउंटर (बोलताना येणारे 'आ', 'अं' मोजणारा), ग्रामेरियन, पण टायमरला बोलवलंत तर कार्ड तेवढ्यापुरती दुसऱ्या कोणाकडे द्यायला विसरू नका. ज्याचं तयारीचं भाषण आहे त्याला शक्यतो नाही, त्याची आधीच एक परीक्षा चालू असते. पहिला प्रश्न सवयीच्या माणसाला द्या म्हणजे खोली मोकळी होते, अगदी नवीन मेंबरला दुसरा किंवा तिसरा नंबर. शेवटचा नंबर नवीन माणसाला कधीच देऊ नका, तोपर्यंत बसून बसून त्याचा जीव अर्धा झालेला असतो.

नाव कसं उच्चारायचं ते आधी विचारून ठेवा. आणि आपल्याकडे वयाने मोठ्या माणसांना काय हाक मारायची हा गोंधळ होतोच, क्लबात 'टोस्टमास्टर अमुक' म्हणायची पद्धत आहे ती त्यासाठी छान आहे, विशीतला पोरगा आणि सत्तरीतल्या आजी दोघांना एकच मान मिळतो.

गेस्टला बोलवायचं का?

विचारून. मीटिंग सुरू व्हायच्या आधी जाऊन आपली ओळख सांगा आणि म्हणा, आज एक छोटासा प्रश्न आला तर आवडेल का, नाही म्हणालात तरी काही हरकत नाही. नाही म्हणाले तर विषय संपला, सेशनमध्ये परत 'एकदा ट्राय तर करा' असा आग्रह नको. हे पाहुणचारासारखं आग्रहाने वाढायचं काम नाही. हो म्हणाले तर सगळ्यात सोपा प्रश्न त्यांना, आणि आधी दोन-तीन जण बोलून झाल्यावर. गेस्ट परत येतो की नाही हे बऱ्याचदा त्या दीड मिनिटावर ठरतं.

एखादा पुढे येऊन एकदम गप्प झाला तर?

हे होणार. घाबरण्यासारखं काही नाही, पण तुम्ही काय करता त्यावर पुढचं ठरतं.

पहिली गोष्ट, काहीच करू नका. मनात सावकाश पाच आकडे मोजा. समोरच्याला ती शांतता भयंकर मोठी वाटते, पण ऐकणाऱ्यांना तो विचार करतोय इतकंच वाटतं, आणि निम्म्या वेळा पाच होईपर्यंत तो आपणहून सुरू करतो. पुढच्या रांगेतून कोणी उत्तर पुरवायला लागलं तर डोळ्यांनीच थांबवा, मदत करायची म्हणून केलेलं असतं पण त्याने माणूस आणखी गडबडतो.

तरी शब्द फुटत नसेल तर प्रश्न लहान करून द्या. प्रश्न होता 'लहानपणीची सुट्टी सांगा', तर हळूच म्हणा, 'सुट्टीत कुठल्या गावाला जायचात?' तो म्हणणार 'चिपळूण', झालं, आता चिपळूणबद्दल बोलेल. 'घाबरू नका' मात्र चुकूनही म्हणू नका, त्याने तो घाबरलाय हे सगळ्या खोलीत जाहीर होतं. आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर 'एक वाक्य बोला आणि टाळ्या घ्या' असं सांगा. एक मिनिट भरलं नाही म्हणून तो 'सगळ्यात चांगलं कोण बोललं' याच्या मतदानात धरला जाणार नाही, ठीक आहे, पुढे येऊन उभा राहिला हे काही कमी नाही. त्याच्यानंतर लगेच एखाद्या धो-धो बोलणाऱ्याला बोलवू नका, तुलना होते. आणि मीटिंग संपली की त्याला एकटं स्टेशनला जाऊ देऊ नका, कोणीतरी बरोबर चाला, विषय वडापावचा काढा नाहीतर क्रिकेटचा, पण चाला.

हिरवा, पिवळा, लाल कधी दाखवतात?

एक मिनिटाला हिरवा, दीड मिनिटाला पिवळा, दोन मिनिटांना लाल. लाल दिसल्यावर तीस सेकंदांची सूट, म्हणजे एक मिनिट ते अडीच मिनिटं यात जो संपवतो तो मतदानासाठी धरला जातो. सेशनच्या सुरुवातीला टायमरकडून हे एकदा सांगून घ्या आणि कार्ड मागच्या बाजूला नीट दिसतायत ना ते बघा, शाळेच्या वर्गात मीटिंग असते तेव्हा ट्यूबलाइटखाली पिवळं आणि हिरवं कार्ड लांबून सारखंच दिसतं.

बोलणाऱ्यांना काही युक्ती सांगू का?

सुरुवातीला एखादी सांगा, तीन-चार नकोत. सगळ्यात सोपी म्हणजे आधी आपलं मत, मग कारण, मग एक प्रसंग, आणि शेवटी परत मत. दुसरी, काल-आज-उद्या: आधी कसं होतं, आता कसं आहे, पुढे काय होईल. नवीन माणसाला मी नेहमी म्हणतो की बाकी काही आठवलं नाही तरी एक प्रसंग सांग, खरा घडलेला, कारण प्रसंग सांगताना पुढचं वाक्य शोधावं लागत नाही, ते घडलेलंच असतं. आणि प्रश्न आवडला नाही तर थोडा वळवून घेतला तरी चालतो, हेही सांगून टाका, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

इंग्रजी क्लबात कोणी मराठीत बोलायला लागलं तर?

क्लबाची भाषा इंग्रजी असेल तर उत्तर इंग्रजीत अपेक्षित असतं, कारण लोक त्याच प्रॅक्टिससाठी आलेले असतात, आणि मराठी क्लबात मराठी. पण मध्येच एखादा मराठी शब्द, आजीची म्हण, आईचं वाक्य जसंच्या तसं आलं तर येऊ द्या, त्यानेच बोलणं खरं वाटतं. अडखळणाऱ्याला 'इन इंग्लिश प्लीज' म्हणून टोकू नका, तो आपोआप परत येतो.

मराठी क्लबात याच्या उलट गंमत होते. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं येतात, घरी मराठी बोलतात पण चारचौघांत उभं राहून बोलायची सवय नाही, 'अॅक्च्युअली' आणि 'बेसिकली' शिवाय गाडी पुढे जात नाही आणि त्यांना त्याची लाज वाटते. त्यांना हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदाचीच गोष्ट आहे, पण ती टिकणार कोणावर, तर या अडखळत बोलणाऱ्या पोरांवर. मालवणी, आगरी, वऱ्हाडी वळणाने कोणी बोललं तरी तेच. 'शुद्ध बोला' हे वाक्य टेबल टॉपिक्समध्ये नको. ग्रामेरियन आहे, तो त्याच्या वेळेला चांगल्या शब्दांत सांगेल.

प्रत्येकाच्या नंतर मी दोन वाक्यं बोलायची का?

एक पुरे, तेही आभाराचं. 'छान बोललात, पण अजून...' हे काम टेबल टॉपिक्स इव्हॅल्युएटरचं, म्हणजे या उत्तरांचं मूल्यमापन करणाऱ्याचं, आहे. आणि त्याच विषयावरचा आपला किस्सा सांगायचा मोह होतो ना, तो आवरा, तेवढ्या वेळात आणखी एक माणूस बोलून होतो.

चिठ्ठ्या, फोटो, वस्तू असे प्रकार करू का?

करा की, पण नियम सांगायला एका वाक्यापेक्षा जास्त लागत असेल तर सोडून द्या. पिशवीत हात घालून वस्तू काढायची आणि तिच्यावर बोलायचं हे कायम चालतं, लोकलचा जुना पास, छत्री, करंडा, पोळपाटावरचं लाटणं, घरातलंच काहीही न्या. जुनी वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवून 'ही वस्तू आम्हाला विका' हेही मस्त. एकाने सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याने पुढे नेणं ऐकायला छान असतं, पण नवीन माणसाला दुप्पट कठीण जातं, कारण त्याला आधीच्याचं लक्षात ठेवून वर आपलं सुचवायचं असतं, तेव्हा ते सगळे सरावलेले असतील तेव्हाच.

एआयकडून प्रश्न काढून घेतले तर चालतील?

यादी मिळेल, पटकन मिळेल. पण त्याला तुमच्या क्लबातल्या काकांची गिरणी माहीत नाही आणि मागच्या रांगेतली मुलगी कथक शिकते हेही माहीत नाही. यादी घ्या हवी तर, पण प्रत्येक प्रश्न कोणाला देणार ते नाव समोर लिहून मग आपल्या शब्दांत परत लिहा.

मित्र आहे, त्याला प्रश्न आधीच सांगू का?

नको. त्याचाच तोटा आहे, आणि तयार केलेलं उत्तर खोलीला लगेच कळतं. फारच टेन्शनमध्ये असेल तर 'आज तुला बोलवणार आहे' एवढं सांगा, विषय नाही.

पाऊस, लोकल लेट, निम्मेच लोक आले. मग?

जुलै-ऑगस्टमध्ये हे ठरलेलं आहे. कधी भाषण करणाराच कुर्ल्याला अडकलेला असतो आणि टोस्टमास्टर कानात येऊन सांगतो, सेशन दहा मिनिटं वाढव. म्हणूनच जास्तीचे प्रश्न हवेत. सात-आठच जण असतील तर सगळ्यांना एकेकदा बोलवा, गोल करून बसा, अशा मीटिंगा मला स्वतःला फार आवडतात, गर्दीत कधी तोंड न उघडणारी माणसं तेव्हा बोलतात. उलट मीटिंग लांबली असेल तर सेशन कापावं लागतं, त्याला तयार राहा आणि तोंड पाडू नका, नऊनंतर लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं, कोणाला कल्याणला जायचंय, कोणाला विरारला.

ऑनलाइन मीटिंग असेल तर?

प्रश्न बोलून झाला की चॅटमध्येही टाका, आवाज तुटतो. टायमर कार्डांऐवजी आपलं बॅकग्राउंड हिरवं-पिवळं-लाल करतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ पिन करायला सगळ्यांना सांगा. आणि नाव घ्यायच्या आधी तो माणूस खरंच समोर आहे ना बघा, कॅमेरा बंद ठेवून स्वयंपाक करणाऱ्याला प्रश्न गेला की दोघांचीही पंचाईत होते.

स्पर्धेत काय वेगळं असतं?

सगळ्या स्पर्धकांना एकच प्रश्न असतो, म्हणून पाळी येईपर्यंत बाकीच्यांना खोलीबाहेर बसवतात. तिथे नाव, विषय, परत विषय, परत नाव अशा क्रमाने पुकारतात. वेळ तीच, पण एक मिनिटाच्या आत संपवलं किंवा अडीच मिनिटांच्या पुढे गेलात तर थेट बाद. क्लबापासून सुरू होऊन ही स्पर्धा डिस्ट्रिक्टपर्यंत (बऱ्याच क्लबांचा मिळून झालेला मोठा विभाग) जाते, त्याच्या पुढे नाही. तिथल्या प्रश्नाचं मोजमाप नेहमीच्या मीटिंगला लावू नका, तिथे स्पर्धक आपणहून आलेले असतात.

सेशन संपवायचं कसं?

बोललेल्या सगळ्यांची नावं आणि विषय एकदा परत सांगा, टायमरकडून कोण वेळेत बसलं ते घ्या, लोकांना मत द्यायला सांगा आणि टोस्टमास्टरला मीटिंग परत द्या. सगळ्यात चांगलं बोलणाऱ्याची रिबन कोणाला मिळाली हे नंतर कळतंच. समारोपाचं भाषण नको.

आमच्याकडे क्लबच नाही, सोसायटीत किंवा वाचनालयात असं काही करता येईल का?

येईल, आणि व्हायलाच हवं. टोस्टमास्टर्समध्ये मेंबर व्हायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे शाळा-कॉलेजातली बरीच मुलं बाहेर राहतात, आणि संध्याकाळी मोकळ्या असलेल्या आज्या-आजोबांना कोणी बोलवत नाही. सोसायटीचं ऑफिस, गणपतीचा मांडव आरती झाल्यावर, वाचनालयाचा हॉल, काहीही चालतं. दहा-बारा माणसं, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले तीन रंगांचे कार्डपेपर, बाकी खर्च नाही. पहिल्या दिवशी प्रश्न खाण्यावरचे ठेवा, मुलं आणि आजोबा दोघंही त्यावर बोलतात. माइक लावू नका, माइक बघून निम्मे लोक मागे जातात. आणि ज्याने आज प्रश्न विचारले त्याने पुढच्या वेळी उत्तर द्यायचं, प्रश्न दुसऱ्या कोणीतरी काढायचे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवून टाका.